मदरबोर्डावरच्या अक्षता

आमच्या घरात त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. मशीन म्हणतात. आधी मुलांच्या तोंडी ‘आईचं मशीन’, मग ‘तुझं ते मशीन’, आणि गेली दोन वर्षं आमच्या ह्यांच्या तोंडी ‘ते म्हातारं’. पूर्वी मला शंका यायची की हे नक्की कुणाला उद्देशून आहे. आता येत नाही. सकाळी उठायला मला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्याला लागतो, आणि उठल्यावर दोघंही थोडा वेळ नुसतीच घरघरतो.

इंदिरानगरातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवते. जुळवत होते. या धंद्याची आमच्याकडची रीत अशी की गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून आणत नाही. मागच्या लग्नाची पत्रिका आणतं. टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “थोरलीची तुम्हीच केली होती ना? तीच काढा. फक्त पोरगी बदला.” मग मी मशीनमधून थोरलीची काढायची, पोरगी बदलायची, जावई बदलायचा, तिथी बदलायची. पण खरं काम त्याच्या खाली असतं. खाली असते यादी. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, समस्त भावकी, मित्रमंडळ. दोनशेच्या वर नावं. त्यात कुणी माजी सरपंच, कुणी सोसायटीचे चेअरमन, कुणी नुसतेच प्रगतिशील शेतकरी. ज्याला काहीच नाही त्याला ‘प्रगतिशील’ लावायचा, तो खूश. आणि अगदी तळाला चिमुकल्यांची किलबिल: ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ एक नाव राहिलं तर दोन घरं तीन वर्षं बोलत नाहीत. त्या यादीत कुणाच्या वर कोण हे गावात कुणालाच पाठ नसतं. ते माझ्या मशीनला पाठ होतं.

माझं माहेर गिरणाऱ्याच्या अलीकडे. धाकटा भाऊ शेती बघतो. हिवाळ्यात टोमॅटो, दसरा-दिवाळीला झेंडू. मला आत्या म्हणून मोठा आहेर करायची ऐपत कधी नव्हती. तेव्हा भावाच्या घरात एक अलिखित ठरून गेलं होतं की पत्रिका आत्याकडून. कागद त्याचा, छपाई त्याची, जुळणी माझी. मांडवात एखादी मामी विचारायची, “आत्याने काय केलं गं?” तर वहिनी पत्रिकाच पुढे करायची. तळाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘अक्षरजुळणी’ असं लिहून पुढे मी माझं नाव घालत असे. भिंग लावल्याशिवाय दिसत नसे. मला न लावताही दिसायचं.

थोरल्या भाचीची पत्रिका चार वर्षांपूर्वी केली. यंदा धाकटीचं ठरलं, मुलगा कळवणकडचा. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. म्हणजे पत्रिका दिवाळीच्या आत हवी, कारण पहिली गडावर देवीपुढे ठेवायची आणि मगच वाटायला काढायच्या. ही भाची पाच वर्षांची असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या पत्रिकेत किलबिलीमध्ये तिचं नाव मीच घातलं होतं. आता ते तळातून उचलून वर मध्यभागी, मोठ्या अक्षरात न्यायचं एवढंच माझं काम होतं. आणि भावाच्या घरात तिच्यानंतर लग्नाचं कुणी उरलेलं नाही. माझा हा शेवटचा आहेर.

मशीनला हे मी सांगितलं होतं. चेष्टा नाही, खरंच सांगितलं होतं. दसऱ्याला.

गेले वर्षभर ते रडतखडत चालत होतं. फाइल उघडायला दिली की मी कुकर लावून यायचे, दोन शिट्ट्या होईतो यादीचा पहिला भाग दिसायचा. त्यामुळे या दसऱ्याला पूजा जरा जास्तच मनापासून केली. एरवी सुरी, कात्री, ह्यांचे नट-बोल्टचे पाने आणि मशीन असं सगळ्यांना सारखंच हळदकुंकू असतं. यंदा मशीनला वेगळा पाट. फुलाने पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या, भावाने आणलेल्या झेंडूची सात फुलं डोक्यावर ठेवली. मशीनच्या डोक्याला जाळी आहे, त्यामुळे फुलं घसरत नाहीत. ही सोय मला पहिल्यापासून फार आवडायची. हात जोडले आणि म्हटलं, बाबा, एवढी धाकटीची पत्रिका होऊ दे. मग तुला मी काही मागणार नाही.

एकादशीपासून ते दहा-दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागलं.

घरात चर्चासत्र बसलं. आमचे हे अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. फॅन असो, मिक्सर असो की माझा गुडघा, त्यांचं निदान तयार असतं. म्हणाले, “मदरबोर्ड बदल. चेसिस गंजल्यावर इंजिन बदलून काय उपयोग?”

मशीनचा दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, तसं नाहीये.” हा गृहस्थ माझ्याहून चारच वर्षांनी लहान, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, पण पंधरा वर्षं मला काकू म्हणत आलाय. “बोर्ड बदलला की सगळंच बदलायचं. मेमरी नवी, प्रोसेसर नवा. आणि काकूंचं ते कुलूप कुठे लावणार?”

कुलूप म्हणजे काडेपेटीएवढा एक डबा. मशीनच्या पाठीमागे रुंद, दोन ओळी भोकांचं एक तोंड असतं, त्यात तो खोचलेला. तो असेल तरच माझा जुळणीचा प्रोग्राम उघडतो. प्रोग्राम करणारी कंपनी केव्हाच बंद झाली. नव्या बोर्डांना ते रुंद तोंडच नसतं. आणि माझ्या फाइली दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये उघडल्या तर पडद्यावर पायाने विस्कटलेली रांगोळी दिसते. एकदा उघडून बघितलं होतं. एक चेअरमन ओळखू येईना.

“मग प्रोसेसर?” मी विचारलं.

“प्रोसेसर बदलता येईल. याच बोर्डावर बसणारा, त्याच काळातला, जरा तगडा मिळतो जुन्यात. एका बऱ्या साडीच्या किमतीत येईल. पण आधी उघडून बघतो. बंद का पडतंय ते कळू दे.”

ह्यांनी तेवढ्यावरच, दुरुस्तीवाल्याने उघडून बघायच्या आत, तो तगडा प्रोसेसर आणायची तजवीज केली. दोन दिवसांनी प्रोसेसर घरात आला, तळहातात मावेल एवढ्या खोक्यात. मी तो देवाजवळ ठेवला.

मग दुरुस्तीवाला पेचकस घेऊन आला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मशीन आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला. आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

“काय झालं?” हे चष्मा सावरत वाकले.

“काकू,” तो म्हणाला, “यात साखरपुडा झालाय का कुणाचा?”

मी पाहिलं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांत अक्षता अडकल्या होत्या. काही या वर्षीच्या, लालचुटुक. काही जुन्या, काळपट, कुठल्या दसऱ्याच्या कोण जाणे. झेंडूच्या पाकळ्या वाळून चहाच्या पावडरीसारख्या झालेल्या. आणि मदरबोर्डाच्या हिरव्या पाटीवर, बारीक बारीक भागांच्या मधून, कुंकवाचा एक ओघळ प्रोसेसरपर्यंत गेलेला आणि तिथे वाळलेला. ओघळाच्या कडेला तांब्यावर हिरवी-पांढरी बुरशी.

“जाळीतून,” मी म्हणाले.

“जाळीतूनच. वरून गरम हवा बाहेर पडायला आहे ती जाळी. तुम्ही तिच्यातून पंधरा वर्षं नैवेद्य दाखवलाय. कुंकवात चुना असतो. ओल मिळाली की तांबं खातो.”

“मी नुसतं फुलाने पाणी शिंपडते हो.”

“यंदा जास्त शिंपडलंत का?”

उत्तर ह्यांनी दिलं. “यंदा अभिषेक होता.”

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी वर्तमानपत्रावर सांडलेल्या अक्षता गोळा करत राहिले. पायाखाली येऊ नयेत म्हणून.

त्याने ब्रश आणि कसलंसं औषध घेऊन तासभर बोर्ड साफ केला. मग गुडघ्यांवर हात ठेवून बसला. “खरं सांगू का काकू? बोर्ड गेलेला आहे. चालतोय तो सवयीने. असाच दुसरा मी बाजारात शोधला, चार जणांना फोन केले. या वयाचे बोर्ड आता भंगारातही येत नाहीत. तेव्हा माझं ऐका. प्रोसेसरला हात लावू नका. खाली सॉकेटमध्ये शेकडो पिना असतात, केसासारख्या. तिथे ओल गेली असेल तर काढलेला प्रोसेसर परत नीट बसेल याची खात्री नाही. आहे तसं चालू करू. दहा मिनिटं तर दहा मिनिटं. दहा-दहा मिनिटांत पत्रिका करा, छापून घ्या आणि सोडून द्या.”

इतकं शहाणपणाचं बोलणं आमच्या घरात फार दिवसांनी झालं होतं. मी ऐकायला हवं होतं.

पण दहा मिनिटांत यादीचा पहिला भागसुद्धा उघडत नव्हता. आणि देवाजवळचा तो खोका मला दिसत होता. माझ्या मनात आलं, तगडा प्रोसेसर बसला तर पत्रिका तासात होईल. मग आणखी मनात आलं की पत्रिकेचं काय, मशीन आणखी पाच वर्षं चालेल. लग्नं थोडीच थांबणार आहेत? गिऱ्हाइकं मोबाईलवर गेलीत, पण परत येतील. यादी मोबाईलवर मावते का? पन्नाशी उलटलेल्या बाईने इतकं पुढचं बघू नये. मी म्हणाले, “बसवून टाका.”

“काकू...”

“बसवा हो. जे व्हायचं ते होऊ दे.”

हे बोलताना मला वाटत होतं की काही होणार नाही.

त्याने जुना काढला, नवा ठेवला, खटका दाबला, पंखा लावला. ह्यांनी हळदकुंकवाची कोयरी घ्यायला हात पुढे केला, तो दुरुस्तीवाल्याने न बघताच अडवला. बटण दाबलं. मशीन सुरू झालं. नुसतं सुरू नाही, पळायला लागलं. मी कुकर लावायला जागेवरून उठायच्या आत प्रोग्राम उघडला होता. थोरलीची पत्रिका मागितली, ती समोर आली. अख्खी. वर गणपती, मध्ये थोरली, खाली दोनशेच्या दोनशे जणं आपापल्या पायरीवर उभी. मला रडू आलं म्हणायला हरकत नाही.

“आता उठू नका,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आधी आहे ती यादी छापा. मग नावं बदला. काही भरवसा नाही.”

“हो हो,” मी म्हणाले, आणि उठले. कारण माणूस सकाळपासून जमिनीवर बसला होता आणि आमच्याकडे शुभकार्य झालेल्या घरातून कुणी कोरड्या तोंडाने जात नाही. आधी त्याच्या हातावर साखर ठेवली. मग पोहे करायला घेतले. तो आतल्या दिशेने दोनदा ओरडला, “काकू, प्रिंट!” मी दोन्ही वेळा म्हणाले, “झालंच!” कांदा चिरला. शेंगदाणे संपले होते, ते ह्यांना कोपऱ्यावरून आणायला पाठवलं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पोहे चांगले झाले होते, एवढं मात्र खरं.

चहा झाल्यावर मी मशीनपुढे बसले. थोरलीचं नाव खोडलं. धाकटीचं लिहिलं. जावयाचं लिहिलं. आजी-आजोबांच्या ओळीवर आले, तिथे आईच्या नावामागे आता ‘कै.’ लावायचं होतं. मागच्या पत्रिकेच्या वेळी ती याच खोलीत माझ्या शेजारी बसून विचारत होती, “माझं नाव दिसतंय का गं नीट?” मी जरा थांबले.

पडदा काळा झाला.

पंखा एक गिरकी घेऊन थांबला. दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं, नाही. मेमरी काढून पुसून घातली, नाही. नवा काढून जुना प्रोसेसर बसवला, नाही. बॅटरीचा उजेड सॉकेटमध्ये मारून मला दाखवलं. एका कोपऱ्यातल्या पिना काळ्या पडून मोडल्या होत्या, कापलेल्या शेतातल्या धसांसारख्या. मग त्याने पत्रा परत लावला. उघड्या मशीनकडे बघवत नव्हतं बहुतेक.

“हार्ड डिस्क चांगली आहे,” तो म्हणाला. “फाइली सगळ्या आहेत.”

“उघडणार कशात?”

“ते आहेच.”

त्याने त्या दिवशी मजुरी घेतली नाही. पोह्यांचं नाव सांगितलं. गेल्यावर हे बराच वेळ मशीनभोवती घुटमळले. निदान नव्हतं त्यांच्याकडे. शेवटी म्हणाले, “मी आधीच सांगितलं होतं, मदरबोर्ड,” आणि माझं तोंड बघून वाक्य गिळलं.

भाचीला मी चार दिवसांनी फोन केला. म्हटलं, “बाळा, मशीन गेलं गं. पण मी हाताने यादी लिहून काढते. दुसऱ्या कुणाकडून तरी जुळवून घेऊ. आठवड्यात होईल.”

ती म्हणाली, “आत्या, तू टेन्शन नको घेऊ. मी केलीये ना एक.”

“काय केलीयेस?”

“पत्रिका. मोबाईलवर. दसऱ्याच्या आधीच केली होती. तुला सांगायचा धीर होत नव्हता. पप्पा म्हणाले, आत्या मशीन दुरुस्त करतेय, तोवर काही बोलू नको.”

म्हणजे ज्या दिवशी मी जाळीतून पाणी शिंपडत होते, त्या दिवशी पत्रिका झालेली होती.

“छान केलंस,” मी म्हणाले. “किलबिल घातलीस का?”

“नाही गं आत्या. ते जुनं वाटतं.”

दिवाळी आटोपल्यावर भाऊ आला. पायजमा-टोपी घालून, पिशवीत पत्रिका घेऊन, रीतसर. आजवर तो मला पत्रिका द्यायला कधी आलाच नव्हता. पत्रिका इथूनच जायच्या. पाकिटावर भाचीच्या अक्षरात माझं नाव, आधी सौ., पुढे ‘सहपरिवार’. तो उभा राहिला, दोन्ही हातांनी पत्रिका दिली, वर पुडीतल्या अक्षता ठेवल्या आणि कुणा परक्याला सांगावं तसं म्हणाला, “यायचं बरं का लग्नाला.” मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो खुर्चीत बसला.

मी सवयीने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. गुलाबी फुलं, भाची, जावई, दोघांचे आईवडील, हॉलचा पत्ता. संपलं. एकही चूक नव्हती. पोरीने तेवढीसुद्धा जागा ठेवली नव्हती. शेवटी नजर खाली डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एक पान काढलं होतं.

“देखणी झालीये,” मी म्हणाले.

“देखणी हाय,” भाऊ म्हणाला. “पण भावकीतली तीन घरं तोंड फिरवून बसलीत, नाव नाय म्हणून. चेअरमन तर म्हणला, मी काय मेलो का? लय फोन आले ताई. पोरीला म्हणलं मी, आत्याची यादी घाल. ती म्हणती, पप्पा, एवढी नावं कोण वाचतं?”

“खरंच आहे तिचं. वाचत नव्हतंच कुणी.”

“वाचत कसं नव्हतं? आपापलं वाचायचे की.” त्याची नजर टेबलाकडे गेली. मशीन तिथेच होतं, वर मी जुना टॉवेल टाकला होता. “काहीच नाय होणार का त्याचं?”

“नाही.”

“नवीन एखादं?”

“नव्यात काय घालू? पोरीची पत्रिका तर झाली.”

त्याने मान हलवली. हे आतून म्हणाले, “भंगारवाला पुढच्या आठवड्यात येतोय.” भावाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पिशवीतून झेंडूची दोन उरलेली माळवजा तोरणं काढून टेबलाच्या कडेला ठेवली. मशीनपासून जरा लांब ठेवली, हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे ती गोष्ट गावापर्यंत गेली होती.

तो चहा घेऊन उठला. त्याला आणखी घरं करायची होती, आणि ह्या वेळी प्रत्येक घरात थोडा वेळ बसून यादी का नाही ते सांगायचं होतं. मी दारापर्यंत गेले. फटफटी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अक्षता माझ्या मुठीतच होत्या.

आत येऊन त्या देवापुढे ठेवल्या. हाताला घाम आला होता, त्यामुळे तळव्याला कुंकू लागलं होतं आणि दोन दाणे बोटांत अडकले होते. तळवा मी पदराने पुसला, आणि यादी हाताने लिहून काढायला जी वही उघडली होती ती बंद करून ठेवली.